यानाची नाडी कोण पाहते?

पावसाळ्यात एखाद्या सांगलीकराला झोपेतून उठवून विचारले, तरी तो दोन आकडे अचूक सांगेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हापासून तर हे आकडे पोराबाळांनाही पाठ झाले आहेत. पण मुरलेला सांगलीकर नुसत्या आकड्यावर थांबत नाही. 'तासाला किती चढतंय?' हा त्याचा दुसरा प्रश्न असतो आणि तिसरा, 'कोयनेतून किती सोडलंय?' सातारा जिल्ह्यात धरणाचे दरवाजे उचलले, की ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून कृष्णेत येते आणि सांगलीला पोहोचायला काही तास घेते. तेवढ्या तासांत गोठ्यातली जनावरे हलवता येतात.

अंतराळयानाच्या प्रकृतीवर यानातच बसून लक्ष ठेवणारी जी स्वयंचलित यंत्रणा असते, ती या तीन प्रश्नांवरच चालते. आकडा किती, तो किती वेगाने बदलतो आहे, आणि त्यामागचे कारण काय. फरक एकच. नदीकाठी माणूस उभा असतो. मंगळाजवळ कोणीही नसते.

डॉक्टरने यानाविषयी का लिहावे, असे कोणाला वाटेल. पण अभियंते यानाच्या बाबतीत 'हेल्थ' हाच शब्द वापरतात. इस्रोच्या निवेदनांतही 'यानाची प्रकृती सामान्य आहे' असे वाक्य नेहमी असते. या विषयात थोडे खोल गेले, की अतिदक्षता विभागात आपण जे रोज करतो, त्यापेक्षा ही मंडळी काही बाबतींत पुढे गेली आहेत, असे दिसते. ते कसे, हे सांगायला आधी थोडे यानाचे शरीरशास्त्र सांगावे लागेल.

बारा मिनिटांचे अंतर

२४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ अनेकांना आठवत असेल. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरायचे होते. वेग कमी करण्यासाठी मुख्य इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवायचे होते आणि हे इंजिन जवळपास ३०० दिवस झोपून होते. दोनच दिवस आधी, २२ तारखेला, ते चारएक सेकंद चालवून पाहिले होते, एवढाच काय तो भरवसा.

त्या वेळी मंगळ आपल्यापासून २२ कोटी किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर होता. रेडिओ संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटांच्या आसपास लागत होती. म्हणजे 'इंजिन सुरू झाले' ही बातमी बंगळूरला पोहोचेपर्यंत निम्मे काम उरकलेले असणार. काही बिघडले आणि इथून उपाय पाठवला, तर तो पोहोचेपर्यंत सगळे संपलेले असणार. त्यातच इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांनी यान मंगळाच्या आड जाणार होते. म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवल्या होत्या. मुख्य इंजिन पेटलेच नाही, तर आठ छोटे थ्रस्टर चालवायचे, हा पर्यायही ठरलेला होता. त्या सकाळी बंगळूरमधले शास्त्रज्ञ बाहेर खुर्चीत बसलेल्या नातेवाइकांसारखेच होते. आत काय चालले आहे, ते कळत नव्हते.

अशा यानावर सतत काय मोजले जाते? बॅटरीचा दाब, सौरपट्ट्यांतून येणारी वीज, इंधनाच्या टाकीतला दाब, ठिकठिकाणचे तापमान, यान वळवणाऱ्या चाकांचा वेग, ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे संवेदक, संगणकाची स्मृती. आपल्या मॉनिटरवर चार-पाच रेषा असतात, इथे शेकडो. प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची मर्यादा असते. आधी इशारा, मग धोका. आयर्विन पुलासारखेच.

आता पहिली अडचण. आकडा मर्यादेबाहेर गेला, म्हणून यान आजारी आहे की ते मोजणारा संवेदकच बिघडला आहे? अवकाशातल्या प्रारणांमुळे संगणकाच्या स्मृतीतला एखादा शून्य अचानक एक होऊन बसतो आणि बॅटरी क्षणभर मेलेली दिसते. म्हणून एका वाचनावर यान कधीच कृती करत नाही. तोच आकडा ठरावीक वेळा लागोपाठ वाईट आला, तरच तो खरा मानला जातो. रक्तदाब एकदा १८० आला म्हणून शहाणा डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाही. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजतो, तसेच. महत्त्वाच्या ठिकाणी एकाऐवजी तीन संवेदक असतात आणि दोघांचे जे मत, ते ग्राह्य धरले जाते. तिसरा एकटाच वेगळे सांगत असेल, तर त्याचे ऐकणे बंद.

आणि जो संगणक हे सगळे पाहतो, तोच अडकला तर? त्यावर एक पहारेकरी असतो. पूर्वी गावात रात्रीच्या गस्तवाल्याने ठरल्या वेळी आरोळी दिली नाही, तर त्याला काहीतरी झाले असे लोक समजत. यानातही संगणकाने दर काही क्षणांनी हजेरी द्यायची असते. हजेरी चुकली, की एक साधे घड्याळ त्याला बंद करून पुन्हा सुरू करते. तरी जमले नाही, तर जोडीचा दुसरा संगणक ताबा घेतो.

नोंद आणि कृती

नुसते मोजणे वेगळे आणि मोजून काही करणे वेगळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आतल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या हादऱ्यांचा आलेख टिपला. धरणांचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही तो आलेख वापरतात. पण त्या यंत्राचे काम नोंदीपुरते होते. यानाला नोंद पुरत नाही.

मंगळयानाने हे पृथ्वीजवळ असतानाच दाखवून दिले. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण झाल्यावर कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली जात होती. ११ नोव्हेंबरला कक्षेचे दूरचे टोक एक लाख किलोमीटरवर न्यायचे होते. त्याच वेळी एक चाचणीही करायची होती. इंधनाच्या प्रवाहाची झडप उघडणारी विजेची दोन वेटोळी असतात, एक नेहमीचे आणि एक राखीव. दोन्हींना एकदम वीज देऊन पाहिली आणि मुख्य इंजिनाचा इंधनपुरवठाच थांबला. यानाला जाणवले, की रेटा कमी पडतो आहे. कोणीही आज्ञा दिली नव्हती, तरी ठरवून ठेवलेल्या नियमानुसार छोटे थ्रस्टर कामाला लागले आणि मोहीम पुढे चालू राहिली. टोक ७८,२७६ किलोमीटरपर्यंतच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन चालवून ते लाखाच्या पुढे नेले. मुख्य हृदय अडखळले, तेव्हा बाकीच्यांनी भार उचलला. आणि मंगळाकडे निघण्याआधी यानाचा हा गुण कळला, ही त्यातली जमेची बाजू.

कशाचाच उलगडा होत नसेल, तर यान 'सेफ मोड' मध्ये जाते. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत आवडते, कारण ती आपल्या शरीराची हुबेहूब नक्कल आहे. अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, त्वचा पांढरी होते, लघवी कमी होते. शरीर तेव्हा त्वचा, आतडी, मूत्रपिंड यांचा वाटा कापून उरलेले रक्त मेंदू आणि हृदयाला देत असते. यानही तेच करते. कॅमेरे, मोजमापाची उपकरणे, सगळे बंद. सौरपट्ट्या सूर्याकडे, अँटेना पृथ्वीकडे, आणि मंद आवाजात एवढेच सांगायचे की मी जिवंत आहे, पुढे काय करू? निदान नंतर. आधी जगायचे.

चंद्र जवळ असल्याने तिथे वेगळी सोय असते. संदेशाला सव्वा सेकंद लागतो, म्हणजे डॉक्टर उशाशीच. चांद्रयान-१ ला नोव्हेंबर २००८ मध्ये अक्षरशः ताप आला. आतले तापमान ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढले. चंद्राच्या तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता आणि वरून सूर्य, असे ते दोन्हीकडून भाजत होते. शास्त्रज्ञांनी यान २० अंशांनी वळवले, काही उपकरणे बंद केली आणि ताप उतरवला. कूस बदला, विश्रांती द्या, असा आजीबाईंचा उपाय. तरी पुढे ताऱ्यांवरून दिशा पाहणारे संवेदक गेले आणि २९ ऑगस्ट २००९ ला संपर्क कायमचा तुटला.

यंत्राचे चुकलेले निदान

स्वयंचलित यंत्रणेचे निदान चुकतेच. तिचे सर्वांत नाट्यमय उदाहरण व्हॉयेजर-२ चे आहे. हे यान १९७७ मध्ये निघाले. त्यात एक नियम भरलेला होता. पृथ्वीकडून आठवडाभर काहीच आज्ञा आली नाही, तर आपला रेडिओग्राहक बिघडला असे समजून राखीव ग्राहकावर जायचे. नियम शहाणपणाचा होता. एप्रिल १९७८ मध्ये पृथ्वीवरची मंडळी व्हॉयेजर-१ च्या दुखण्यात गुंतली होती आणि दोन नंबरला आठवडाभर आज्ञा पाठवायची राहून गेली. यानाला कसे कळणार, की लोक विसरले आहेत? त्याने आपणच बहिरे झालो असे निदान केले आणि राखीव ग्राहक सुरू केला. तो निघाला सदोष. काही तासांनी यान पुन्हा मुख्य ग्राहकावर आले, तर थोड्याच वेळात तोही कायमचा बंद पडला.

मग आणखी आठवडाभर थांबणे आले. त्याच नियमाने यान पुन्हा राखीव ग्राहकावर गेले आणि अभियंत्यांनी त्या अर्धवट बहिऱ्या कानाला नेमका कोणत्या सुरात ऐकू येते, ते शोधून काढले. त्या एका कानावर व्हॉयेजर-२ ने गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून पाहिले. २०२३ च्या जुलैमध्ये चुकीच्या आज्ञेमुळे त्याचा अँटेना दोन अंशांनी वळला आणि संपर्क तुटला, तेव्हाही घबराट झाली नाही. कारण १५ ऑक्टोबरला ते आपली दिशा आपणच तपासून नीट करणार, हे आधीच ठरलेले होते. ऑगस्टमध्ये पृथ्वीवरून जोरदार संदेश पाठवून त्याला आधीच वळवले, हा भाग वेगळा.

नुसत्या मर्यादांवर चालणाऱ्या यंत्रणेचा दोष असा, की तिला 'का' हे कळत नाही. सांगलीकराचा तो तिसरा प्रश्न तिला विचारता येत नाही. तो विचारायला शिकवण्याचा पहिला मोठा प्रयोग मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस वन या यानावर झाला. त्यातल्या संगणकाला यानाच्या झडपा, स्विच, इंजिन यांचे एक चित्र दिले होते. काय केल्यावर काय व्हायला हवे, याचे. प्रत्यक्षात वेगळे घडले, की कुठला भाग बिघडला असता तर असे दिसले असते, हे तो मागे जाऊन शोधत असे. वैद्यकीय विद्यार्थ्याला आपण हेच शिकवतो. मुद्दाम खोटे बिघाड घालून त्याची परीक्षा घेतली, कॅमेऱ्याचा स्विच बंदच होत नाही असे भासवले, आणि त्याने बरोबर ओळखले. गंमत म्हणजे मधल्या काळात तो प्रोग्रॅम स्वतःच एका ठिकाणी अडकला होता आणि त्याचे निदान पृथ्वीवरच्या माणसांनी केले.

श्रीहरिकोटा आणि आपला वॉर्ड

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या तयारीतले एक महत्त्वाचे उड्डाण होते. अंतराळवीरांना संकटात रॉकेटपासून दूर खेचून नेणाऱ्या यंत्रणेची ती चाचणी. टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांनी पाहिले, की उलटी मोजणी पाच सेकंदांवर आली आणि थांबली. कोणी बटण दाबले नव्हते. संगणकाला इंजिनाच्या नोंदींत काही खटकले आणि त्याने उड्डाण रोखले. तपासल्यावर कळले, की दोष देखरेखीच्या यंत्रणेतलाच होता. तो दूर करून दहा वाजता यान उडाले आणि चाचणी यशस्वी झाली.

खोटा अलार्म, असे म्हणता येईल. पण जमिनीवर उभ्या रॉकेटसाठी खोट्या अलार्मची किंमत काय? दीड-दोन तास. खऱ्या अलार्मकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत मोजता येणार नाही. म्हणून तिथे यंत्र भित्रे ठेवतात. उलट, ग्रहाच्या कक्षेत शिरण्याच्या घडीला तेच यंत्र धीट करून ठेवतात. त्या २४ मिनिटांत एखाद्या किरकोळ तक्रारीवरून यान सेफ मोडमध्ये जाऊन थांबले, तर ते ग्रहाला ओलांडून कायमचे निघून जाईल. म्हणून अशा वेळी लहानसहान अलार्मना गप्प बसवलेले असते. कोणत्या टप्प्यात कोणता अलार्म किती संवेदनशील ठेवायचा आणि त्यावर कोणी काय करायचे, हे अभियंते महिनोन् महिने बसून, खोटे बिघाड घालून पाहून, कागदावर ठरवतात.

या एका बाबतीत आपण डॉक्टर मंडळी मागे आहोत. आपल्याकडे मॉनिटर आले, पण ही शिस्त त्यांच्याबरोबर आली नाही. कोविडनंतर तर तालुक्याच्या रुग्णालयांतही मॉनिटर दिसू लागले, ही चांगलीच गोष्ट. पण बहुतेक यंत्रांच्या मर्यादा कारखान्यातून आल्या तशाच राहतात. वीस वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना एकच मोजपट्टी. मग ते वाजत राहते. रुग्णालयातल्या अलार्मपैकी ७२ ते ९९ टक्के खोटे किंवा बिनमहत्त्वाचे असतात, असे वेगवेगळ्या परदेशी अभ्यासांत आढळले आहे. चिमटा बोटावरून सरकला, हात गार पडला, नखाला गडद पॉलिश आहे, रुग्णाने कूस बदलली, एवढे पुरते. रात्री एका सिस्टरवर पुष्कळ खाटा असतात. शंभरदा उगाच वाजलेले यंत्र एकशे एकाव्या वेळी खरे बोलले, तर ते कोणाच्या कानावर पडेल?

दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. आयुष्यभर बिडी ओढलेले किंवा चुलीच्या धुरात राबलेले अनेक जण म्हातारपणी दम लागतो म्हणून दाखल होतात. फुप्फुसांच्या या जुन्या आजारात, म्हणजे सीओपीडीमध्ये, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ८८ ते ९२ टक्के ठेवणे, हेच आमचे उद्दिष्ट असते. यंत्राची मर्यादा मात्र ९० वर लावलेली असते. ते बोंबलत राहते आणि शेजारी बसलेला मुलगा कासावीस होतो.

"डाक्टरसाहेब, मशीन वरडतंय की हो! आकडा एकोणनव्वद दावतंय. वाढवू का जरा आक्सिजन?"

"नको बाळा, हात लावू नकोस. आजोबांना एकोणनव्वदच ठीक आहे."

हा संवाद माझ्यासारख्या प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा आहे. आणि पाठ वळली, की कोणीतरी मायेने ऑक्सिजनची चावी फिरवतोच. काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. माणूस गुंगीत जातो, आकडा मात्र ९८ वर छान दिसतो. यंत्र शांत, घरचे खूश आणि रुग्ण धोक्यात. हे टाळायला नवे यंत्र लागत नाही. या रुग्णाची मर्यादा ८६ वर आणायची, हे ठरवून ते केसपेपरवर लिहायला एक मिनिट लागते. घरच्यांनीही 'आमच्या माणसाचा आकडा किती असायला हवा?' हे दाखल करतानाच विचारावे आणि चावीला हात लावू नये.

उलट बाजूही आहे. यंत्र गप्प असते आणि आजार पुढे सरकत असतो. आपल्या भागात उसाच्या रानात, वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. बरेचदा त्याला कळतही नाही. दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. या वेळी मॉनिटरवर सगळे आकडे सुरेख असतात. श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे होत असतात, पण ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत तग धरतो आणि मग दरड कोसळावी तसा कोसळतो. म्हणून अशा रुग्णाला आम्ही एका श्वासात आकडे मोजायला लावतो. तासापूर्वी तिसापर्यंत मोजणारा आता पंधरावर थांबला, तर यंत्र काहीही म्हणो, श्वासनलिकेत नळी घालायची तयारी सुरू करायची. चढ किती वेगाने होतो आहे, हा पुलावरचाच प्रश्न. मॉनिटरला तो कोणी शिकवलेला नसतो.

माणूस यानात बसला की

हे सगळे आता एकत्र येणार आहे, कारण आपण माणसे पाठवायला निघालो आहोत. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर राहून आले. गगनयानात आपले अंतराळवीर आपल्याच रॉकेटमधून जातील. रॉकेट फुटायची वेळ आली, तर निर्णयाला क्षणभराचीच फुरसत असते. माणसाला कळून त्याने बटण दाबेपर्यंत उशीर झालेला असेल. म्हणून कुपी ओढून न्यायची की नाही, हे तिथे यंत्रच ठरवणार. तो अधिकार त्याला द्यावाच लागतो आणि त्यासाठीच ते पाच सेकंदांवर थांबण्याइतके भित्रे असलेले बरे.

अंतराळवीराच्या शरीराचे काय? जानेवारी २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक हकीकत आली. अंतराळस्थानकावर दोनेक महिने राहिलेल्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. काहीही त्रास नव्हता, कुठलाही अलार्म वाजला नव्हता. वजनरहित अवस्थेत रक्त कसे वाहते, या संशोधनासाठी सोनोग्राफी चालू होती, त्यात ती दिसली. पृथ्वीवरचे डॉक्टर तपासणी कशी करायची ते सांगत होते आणि अंतराळवीर स्वतःच्या मानेवर सोनोग्राफीचे यंत्र फिरवत होता. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा साठा थोडा होता, तो मालवाहू यानातून गोळ्या येईपर्यंत पुरवून वापरला. रुग्ण बरा झाला.

अंतराळस्थानक डोक्यावर ४०० किलोमीटरवर आहे, म्हणून हे जमले. मंगळाच्या वाटेवर संदेशाला एका बाजूने २२ मिनिटांपर्यंत लागू शकतात आणि मालवाहू यान तर पोहोचणारच नाही. तिथे कोणत्या आकड्यावर नजर ठेवायची, हे आधी ठरवावे लागेल आणि पेटीत औषध काय ठेवायचे, हेही.

मंगळयानाची अखेर याच दुसऱ्या प्रश्नावर झाली. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान जवळजवळ आठ वर्षे चालले. जून २०१५ मध्ये मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला, तेव्हा सुमारे पंधरा दिवस त्याने पृथ्वीशी न बोलता आपली काळजी आपणच घेतली. सूर्य झाकला जाण्याचे लांबलचक ग्रहण टाळायला जानेवारी २०१७ मध्ये त्याची कक्षा बदलली आणि त्यात बरेच इंधन गेले. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लांब ग्रहण आले. बॅटरी उतरते आहे, हे यानाला कळले असणार, दिशा सूर्याकडे करायची हेही ठाऊक होते. वळायला इंधन उरले नसावे, असा निष्कर्ष इस्रोने काढला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये यान आता परत मिळणार नाही, असे जाहीर केले. त्याच्या छातीठोक यंत्रणेने शेवटपर्यंत नेमून दिलेले काम केले असेल, पण ते ऐकायला आपल्यापर्यंत काही पोहोचले नाही. मंगळयान अजून मंगळाभोवती फिरते आहे.